मोरोक्कोच्या जेवणाचा इतिहास

युरोप-अमेरिकेंतील एखाद्या मोठ्या शहरांत मोरोक्कोच्या पद्धतीचें नवें उपाहारगृह उघडलें, म्हणजे त्याची मांडणी आंत पाऊल टाकण्यापूर्वींच पुष्कळशी सांगतां येते. दारावर नालाच्या आकाराची कमान, भिंतींना रंगीत फरशीचे बारीक तुकडे, बैठे मंच आणि त्यांवर गिरद्या. मधोमध पितळेचें गोल तबक. बसल्याबरोबर एक सेवक लांब मानेच्या झारींतून हातांवर पाणी घालतो. मग कोशिंबिरींच्या लहान लहान वाट्या, त्यामागून शंकूसारखें झांकण असलेलें मातीचें भांडें, मग कस्कसची रास, आणि शेवटीं हातभर उंचीवरून पेल्यांत सोडलेला पुदिन्याचा हिरवा चहा. भोजनपत्रिकेवर या साऱ्यांना मिळून बहुधा एकच विशेषण छापलेलें असतें. तें म्हणजे 'पुरातन'.

श्रोतेहो, आज मला या विशेषणाविषयींच बोलावयाचें आहे. या जेवणांतील कांहीं पदार्थ खरोखरीच सात-आठशें वर्षांचे जुने आहेत. कांहीं पदार्थ आपल्या देशांतून हांकलून दिलेल्या लोकांनीं बरोबर आणलेले आहेत. आणि जो सर्वांत पुरातन भासतो, तो चहा सामान्य माणसाच्या घरीं पोंचून पुरतीं दोनशें वर्षेंही झालेलीं नाहींत. शिवाय, ज्यांच्या हातांनीं हें जेवण इतकीं शतकें रांधलें गेलें, त्यांचा उल्लेख त्या पत्रिकेवर कोठेंच नसतो.

कस्कस म्हणजे काय, हें मराठी गृहिणीला समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागत नाहींत. लग्नकार्याच्या आधीं आपल्याकडे सुवासिनी जसे गव्हले वळावयास बसतात, तसेंच तें काम. परातींत जाडसर रवा घ्यावयाचा, त्यावर मिठाच्या पाण्याचे हबके मारावयाचे, पीठ भुरभुरावयाचें आणि तळहातानें गोल गोल फिरवून त्याचे मोहरीएवढे दाणे करावयाचे. ते चाळणींतून चाळून, भोंकें पाडलेल्या भांड्यांत भरून, खालीं शिजत असलेल्या कालवणाच्या वाफेवर ठेवावयाचे. एकदां वाफवून भागत नाहीं. दोन-तीन वेळां उतरवून, हातानें मोकळे करून, पाणी व लोणी लावून पुन्हां चढवावे लागतात. आपले गव्हले खिरींत जातात आणि कस्कस मांस, भाज्या व हरभऱ्यांच्या कालवणाखालीं पसरतात, एवढाच काय तो फरक. शुक्रवारच्या दुपारच्या नमाजानंतर घरोघर हाच बेत असतो.

हा पदार्थ मूळचा उत्तर आफ्रिकेंतील बर्बर लोकांचा, म्हणजे जे स्वतःस अमाझिग म्हणवितात त्यांचा. तेराव्या शतकांतील पाकशास्त्रावरील अरबी ग्रंथांत त्याच्या कृति सविस्तर दिलेल्या आढळतात. स्पेनमधील मुर्सिया शहरचा इब्न रझीन अत्-तुजीबी हा विद्वान, आपलें शहर ख्रिस्ती सत्तेखालीं गेल्यावर देशोधडीला लागून ट्यूनिसमध्यें स्थायिक झाला. तेथें त्यानें आपल्या हरवलेल्या देशाच्या जेवणाचा एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यांतही कस्कस आहे. माणसें राज्य गमावल्यावर स्वयंपाकाचीं पुस्तकें लिहूं लागतात, हें मीं इतरत्रही पाहिलेलें आहे. डिसेंबर २०२० मध्यें अल्जीरिया, मोरिटानिया, मोरोक्को व ट्यूनिशिया या चार देशांच्या संयुक्त मागणीवरून युनेस्कोनें कस्कसविषयींचें ज्ञान व त्याच्या चालीरीति यांची नोंद मानवजातीच्या वारशाच्या यादींत केली. राजकारणांत अल्जीरिया आणि मोरोक्को यांचें सूत एरवीं जमत नाहीं; या एका अर्जावर मात्र दोघांच्याही सह्या होत्या.

जेवणाविषयीं बारीक नजर असलेला मोरोक्कोचा एक पुत्र आपल्या महाराष्ट्रांतही येऊन गेला आहे, तो प्रवासी इब्न बतूता. त्याचा जन्म १३०४ सालीं टँजिअर येथें झाला. महंमद तुघलकाच्या दरबारांत कांहीं वर्षें काढल्यावर दिल्लीहून दक्षिणेकडे जातांना तो दौलताबाद व नंदुरबार येथें थांबला. दौलताबादेस द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें त्यानें नमूद केलें आहे. आणि नंदुरबारच्या मराठ्यांविषयीं लिहितांना भात, भाजी व तिळाचें तेल हें त्यांचें अन्न असून जेवणापूर्वीं ते स्नान करतात, असें तो सांगतो. पुढें मायदेशीं परतल्यावर फेझच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्यानें आपला वृत्तान्त सांगितला व तो १३५५ सालीं लिहून पुरा झाला. सगळें जग पाहून आलेल्या या गृहस्थानें निरनिराळ्या देशांतील मांसाचे, फळांचे आणि तुपातेलाचे भाव ताडून पाहिले आहेत आणि शेवटीं निवाडा दिला आहे तो स्वतःच्या देशाच्या बाजूनें! प्रवासी माणसाला घरच्या जेवणापुढें निःपक्षपातीपणा राखतां येत नाहीं, तो असा.

फेझ शहराच्या खाण्यापिण्याचें याहून चोख वर्णन आणखी पावणेदोनशें वर्षांनीं मिळतें. ग्रानाडांत जन्मलेला आणि फेझमध्यें वाढलेला अल्-हसन अल्-वझ्झान हा १५१८ सालीं ख्रिस्ती चांच्यांच्या हातीं सांपडून रोमला पोपपुढें नेला गेला. युरोप त्यास लिओ आफ्रिकानस या नांवानें ओळखतो. त्यानें इटालियन भाषेंत लिहिलेल्या आफ्रिकेच्या वर्णनांत फेझच्या खाणावळी आहेत, तळलेल्या मासळीचीं दुकानें आहेत, कढईतून निघालेलीं भजीं आहेत, आणि भोंकांच्या भांड्यांत वाफेवर शिजणारें कस्कसही आहे. लोक जमिनीवर बसून एकाच थाळ्यांतून हातानें जेवतात, हें सांगतांना त्याला किंचित् लाज वाटलेली दिसते. इटलीच्या सरदारांचें मेज तोंवर त्यानें पाहिलेलें होतें.

आतां तीच जेवण्याची रीत दुसऱ्या कांठावर माणसाच्या जिवावर कशी उठली तें पाहा. २ जानेवारी १४९२ रोजीं ग्रानाडा पडलें. स्पेनमध्यें मागें राहिलेल्या मुसलमानांना पुढें सक्तीनें ख्रिस्ती केलें गेलें. पण बाप्तिस्मा दिल्यानें जिभेची चव पालटत नाहीं. इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयापुढें कित्येकांवर जे आरोप ठेवण्यांत आले, त्यांत जमिनीवर बसून जेवणें आणि कस्कस खाणें हेही पुराव्यादाखल मांडलेले आढळतात. शेजाऱ्यानें खिडकींतून पाहावें आणि दुसऱ्या दिवशीं जाऊन सांगावें! अखेर १६०९ ते १६१४ या पांच वर्षांत सुमारें तीन लक्ष माणसें स्पेनमधून कायमचीं घालवून देण्यांत आलीं. त्यांतील पुष्कळ मोरोक्कोंत उतरलीं. तेतुआन, रबात, साले, फेझ या शहरांच्या जेवणाला जी नागर नजाकत आहे, ती बरीचशी या निर्वासितांची देणगी होय.

तिचा उत्तम नमुना म्हणजे बस्तीला. नांवांतच स्पॅनिश भाषेचा वास आहे. पारव्याचें मांस कांदा, केशर व आलें घालून शिजवावयाचें, त्याच्या रसांत अंडीं आटवावयाचीं, तळलेले बदाम कुटून घालावयाचे, आणि हें सारें आपल्या मांड्याहूनही पातळ अशा पापुद्र्यांत गुंडाळून भाजून त्यावर पिठीसाखर आणि दालचिनीची नक्षी काढावयाची. हे पापुद्रे करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी असते. मऊ, ओल्या कणकेचा गोळा हातांत धरून तापलेल्या पालथ्या तव्यावर भरभर टेकवीत जावयाचें. जेथें जेथें तो टेकतो तेथें तेथें पातळ ठसा चिकटतो, आणि ठसे एकमेकांना मिळून एक अखंड पापुद्रा होतो. मांसावर साखर ही कल्पना आपल्याला, आणि आजच्या युरोपियनालाही, चमत्कारिक वाटते. मध्ययुगांतील अरबी पाकशाळेंत मात्र ती नित्याची होती. इतरत्र लोपली ती मोरोक्कोंत टिकली.

आणि साखरेचा विषय निघालाच आहे, तर तेथेंच थोडें थांबूं. कारण मोरोक्कोच्या इतिहासाची एक मोठी गांठ या साखरेंत आहे.

दक्षिण मोरोक्कोंत, सूस नदीच्या खोऱ्यांत आणि माराकेशच्या पश्चिमेस, पूर्वीं उंसाचे मोठे मळे होते. सोळाव्या शतकांत सादी घराण्याच्या सुलतानांनीं तेथें पाट खोदून, पाण्याच्या चाकांवर चालणारे चरक बसवून साखरेचे कारखाने उभारले. ४ ऑगस्ट १५७८ रोजीं पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन हा मोरोक्कोवर चाल करून आला आणि अल्-कस्र अल्-कबीरच्या रणांत सैन्यासह नाश पावला. त्या एका दिवसांत तीन राजे मेले आणि चौथा, अहमद अल्-मन्सूर, गादीवर आला. पोर्तुगीज सरदारांच्या खंडणीनें त्याचा खजिना भरला, आणि त्यानें माराकेशमध्यें 'अल्-बदी' नांवाचा अपूर्व राजवाडा बांधावयास घेतला. त्या वाड्यासाठीं इटलीहून संगमरवर आला. मोरोक्कोचा इतिहासकार अल्-इफ्रानी सांगतो कीं, त्या दगडाचें मोल साखरेनें चुकविलें गेलें. जितका दगड, तितकी साखर, वजनास वजन. त्याच काळांत इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या मुदपाकखान्यांतही मोरोक्कोचीच साखर जात होती, आणि या व्यापारासाठीं १५८५ सालीं लंडनच्या व्यापाऱ्यांनीं 'बार्बरी कंपनी' काढली होती. पंधरा वर्षांनीं त्याच शहरांत जी दुसरी कंपनी निघाली, तिचा परिचय आपल्याला करून देण्याची आवश्यकता नाहीं.

पण संगमरवराच्या भारोभार जाणारी ही साखर गाळीत कोण होतें? चरकावर राबणारे पुष्कळसे सहारा वाळवंटापलीकडून आणलेले काळे गुलाम होते. १५९१ सालीं अल्-मन्सूरचें सैन्य बंदुका घेऊन वाळवंट ओलांडून गेलें आणि नायजर नदीकांठचें सोंघाई साम्राज्य त्यानें मोडलें. तेथील सोनें हा मुख्य मोह खराच. त्यामुळेंच सुलतानाला 'सुवर्णसंपन्न' अशी पदवी चिकटली. तथापि साखरेच्या मळ्यांना लागणारीं माणसें हेंही त्या मोहिमेचें एक कारण असावें, असें कित्येक इतिहासकारांचें मत आहे. सोन्याबरोबर माणसांच्याही रांगा उत्तरेकडे आल्या, यांत शंका नाहीं.

१६०३ सालीं अल्-मन्सूर वारला. मुलांमुलांत गादीसाठीं लढाया जुंपल्या, पाट फुटले, चरक ओस पडले. तिकडे ब्राझीलच्या मळ्यांनीं युरोपची बाजारपेठ स्वस्त साखरेनें भरून टाकली. अल्-बदीचा संगमरवर पुढें दुसऱ्या घराण्याच्या मौलाय इस्माईल सुलतानानें उपसून मेकनेसला नेला. आज तेथें उंच मातकट भिंती आहेत आणि त्यांच्या माथ्यावर करकोचे घरटीं करतात.

आतां चहाकडे वळूं. अठराव्या शतकांत चहा मोरोक्कोंत येई तो युरोपियन वकिलांनीं सुलतानाला दिलेल्या नजराण्यांतून. तें राजेरजवाड्यांचें कौतुक होतें. तो बाजारांत आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्याला निमित्त झालें दूरच्या एका युद्धाचें. १८५३ ते १८५६ या क्रिमियाच्या युद्धामुळें बाल्टिककडील गिऱ्हाइकें तुटलीं, तेव्हां इंग्रज व्यापाऱ्यांनीं चीनचा हिरवा चहा टँजिअर व मोगादोर या बंदरांत उतरविण्यास आरंभ केला. मागोमाग ९ डिसेंबर १८५६ रोजीं इंग्लंडनें सुलतानाकडून व्यापारी तह करून घेतला. सरकारी मक्ते बहुतेक उठले आणि आयात मालावरील जकात शेंकडा दहावर आणून ठेवण्यांत आली. चहा चीनचा, चहादाणी मँचेस्टरची, साखर मार्सेलिसची. मोरोक्कोचा असा त्यांत पुदिना तेवढा!

पण त्या पुदिन्यानें काय जादू केली पाहा. एका पिढींत चहा हा आतिथ्याचा मुख्य विधि होऊन बसला. गोळीसारखीं वळलेलीं हिरवीं पानें आधीं उकळत्या पाण्यानें विसळावयाचीं, मग शंकूच्या आकाराच्या साखरेच्या ढेपेचे हातोडीनें फोडलेले मोठाले खडे, मग मूठभर ताजा पुदिना; थंडीच्या दिवसांत पुदिन्याऐवजीं दवण्याच्या जातीची एक कडू वनस्पति. पहिला पेला भरून पुन्हां चहादाणींत ओतावयाचा, आणि मग उंचावरून धार धरावयाची, म्हणजे वर फेंस येतो. हें काम नोकराकडे नसतें. घरच्या कर्त्या माणसाकडे किंवा मानाच्या पाहुण्याकडे असतें. कांहीं धर्मपंडितांनीं या परक्या पेयाला व परक्या साखरेला विरोध केला, परंतु लोकांनीं तो मानला नाहीं. शहरांतून डोंगरांत, डोंगरांतून वाळवंटाच्या तंबूंत चहा गेला. आणि गरिबाच्या घरीं तर भाकरी व गोड चहा हेंच एक वेळचें जेवण ठरलें. आपल्याकडील चहाची हकीकत यापरती फारशी निराळी नाहीं, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

या गोडव्याची किंमत मात्र जबर पडली. १८५९-६० च्या युद्धांत स्पेननें मोरोक्कोला हरवून दोन कोटी ड्युरोंचा दंड लादला आणि तो वसूल होईपर्यंत बंदरांच्या जकातीचा निम्मा वांटा आपल्या ताब्यांत घेतला. १९०४ सालीं फ्रेंच पेढ्यांकडून मोठें कर्ज काढावें लागलें, तेंही जकातीच्याच तारणावर. १९१२ सालीं फेझ येथें तह होऊन देशाचा बहुतेक भाग फ्रान्सच्या व उत्तरेची पट्टी स्पेनच्या संरक्षणाखालीं गेली. चहासाखरेमुळें मोरोक्कोचें स्वातंत्र्य गेलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्या देशानें एके काळीं साखर देऊन संगमरवर घेतला, तोच देश अडीचशें वर्षांनीं परक्याची साखर विकत घेत होता, आणि त्या आयातीवरची जकात परक्याच सावकाराला पोंचती करीत होता. माझ्या मतें मोरोक्कोच्या पाहुणचाराचा पेला हातीं घेतांना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी. स्वातंत्र्य १९५६ सालीं परत आलें. चीनच्या हिरव्या चहाचें तें राष्ट्र आजही एक फार मोठें गिऱ्हाईक आहे.

फेझच्या एका दुसऱ्या वस्तीचाही येथें उल्लेख केला पाहिजे. १४३८ सालीं तेथें ज्यू लोकांसाठीं राजवाड्याशेजारीं स्वतंत्र पेठ वसविण्यांत आली. तिला मेल्लाह म्हणत. शनिवारीं चूल पेटवावयाची नाहीं हा त्यांचा धर्मनियम. म्हणून शुक्रवारीं दुपारीं मांस, गहूं, हरभरे, बटाटे आणि अख्खीं अंडीं एका भांड्यांत घालून तें पेठेच्या सार्वजनिक भट्टींत रात्रभर ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशीं गरम गरम घरीं आणीत. १९४८ नंतर दोन लक्षांहून अधिक ज्यू मोरोक्को सोडून इझ्राएल, फ्रान्स, कॅनडा इकडे निघून गेले. आतां कांहीं थोडे हजार उरले आहेत. तें भांडें त्यांच्याबरोबर गेलें. आज त्याचा वास हैफांत किंवा माँट्रिअलमध्यें येतो, फेझच्या मेल्लाहांत क्वचितच.

एवढें सारें असूनही मोरोक्कोंत उत्तम जेवण विकत मिळण्याची चाल जुनी नव्हती. बाजारांतील खाणें असे तें वाटसरूंचें, हमालांचें व कारागिरांचें. माराकेशची तंजिया हें त्याचें चांगलें उदाहरण. मातीच्या उभट बुधल्यांत मांस, लसूण, खारवलेलें लिंबू व जिरें भरून, तोंड कागदानें बांधून पुरुषमंडळी तो हमामखान्याच्या भट्टीवाल्याकडे देतात. निखाऱ्यांच्या राखेंत तो कांहीं तास पुरून ठेवला, कीं काम आटोपेपर्यंत जेवण तयार. घरंदाज माणूस मात्र घरींच जेवे, आणि पाहुण्यालाही घरींच नेई. अशा मोठ्या घरांच्या मुदपाकखान्यांत राज्य असे तें 'दादा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींचें. या बहुतेक काळ्या स्त्रिया, वाळवंटापलीकडून विकत आणलेल्या अथवा तशा बायकांच्या पोटीं जन्मलेल्या. भर बाजारांतील गुलामांची विक्री विसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडली. घरांच्या भिंतींआड ती स्थिति आणखी कित्येक वर्षें रेंगाळली. बस्तीलाचा पापुद्रा किती पातळ असावा, कस्कस तिसऱ्यांदा केव्हां उतरवावें, हें ज्ञान त्यांनीं ना कोठें लिहिलें ना कोणी त्यांना विचारून लिहून घेतलें. तें तोंडातोंडीं, हातोहातीं चालत आलें.

भोजनगृहें निघालीं तीं परक्यांसाठीं. फ्रेंच अमदानींत प्रवासी येऊं लागले, आणि पुढें फेझ-माराकेशचे जुने वाडे एक एक करून भोजनशाळा बनले. गिरद्या, पितळी तबकें आणि झारी हा थाट तेथूनच जगभर गेला. इकडे पॅरिसमध्यें मोरोक्कन मजुरांच्या वस्त्यांतून साध्या खाणावळी होत्या, आणि १९२६ सालीं उघडलेल्या तेथील मोठ्या मशिदीला लागून असलेल्या उपाहारगृहांत पॅरिसचे नागरिक पुदिन्याचा चहा पिऊं लागले. १९७३ सालीं पॉला वुल्फर्ट या अमेरिकन बाईंचें मोरोक्कोच्या पाककृतींचें पुस्तक प्रसिद्ध झालें, त्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्या जगांत या जेवणाची आवड झपाट्यानें वाढली. नव्या उपाहारगृहाचा मालक ज्या थाटाला पुरातन म्हणतो, तो अशा रीतीनें प्रवाशाच्या डोळ्यांना दिसलेला वाडा आहे. अन्न जुनें, त्याची मांडणी नवी.

दुसऱ्या हसन राजानें रबातच्या राजवाड्याच्या आवारांत तरुण मुलींना देशी पाकविद्या रीतसर शिकविण्यासाठीं एक शाळा काढली. जें ज्ञान दादांच्या हातांत होतें त्याला तेव्हां प्रथम प्रमाणपत्र मिळूं लागलें. माराकेशच्या नव्या पेठेंत १९८० नंतरच्या दशकांत 'अल् फासिया', म्हणजे फेझची स्त्री, या नांवाचें एक उपाहारगृह निघालें. तेथें चुलीपासून वाढण्यापर्यंत आणि गल्ल्यावरच्या हिशेबापर्यंत सारें काम स्त्रिया पाहतात, आणि त्याचें वेतन घेतात.